रोजच्याला सोन्याचं

जपून ठेवलेली वस्तू बघितली की माझं डोकं फिरतं. परवा एचएसआर लेआउटला भाच्याकडे गेले होते. त्यानं कपाटातून एक डबी काढली, तिच्यातून दुसरी डबी, तिच्यातून मखमलीचं कापड आणि कापडातून एक घड्याळ. किंमत ऐकून मी 'अय्यो!' म्हटलं. म्हटलं, मग घाल की. तर म्हणतो, "मावशी, हे रोज घालायचं नसतं. रोजच्याला माझं रबराचं आहे." रोजच्याला रबराचं! मी चहा तसाच ठेवून उठले. त्याला वाटलं म्हातारीची शुगर खाली गेली. शुगर कुठली रे बाबा, पित्त खवळलं. तिथं आमची अक्का असती तर तिनं त्या दोन्ही डब्या खिडकीतून खाली फेकल्या असत्या आणि ते घड्याळ त्याच्या मनगटावर बांधून त्याला भांडी घासायला बसवलं असतं.

अक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. वडील अक्का म्हणायचे म्हणून आम्ही पोरं अक्का म्हणायचो, आणि आम्ही म्हणायचो म्हणून सगळं वठार, म्हणजे आमची चाळ. बेंगळूरच्या पेठेत आमच्यासारखी मराठी घरं कैक पिढ्यांची. घरात मराठी, दारात कन्नड आणि भांडताना दोन्ही. वडिलांचं चिकपेटेत साड्यांचं दुकान होतं. अक्काचं लग्न कोवळ्या वयात झालं आणि वर्षाच्या आत ती विधवा होऊन परत आली. माझ्याच आजीनं, म्हणजे तिच्या सख्ख्या आईनं, चार बायकांदेखत तिचं कुंकू पुसलं आणि बांगड्या फोडल्या. हे मला अक्कानं कधी सांगितलं नाही. आजीच सांगायची, आणि सांगताना स्वतःच रडायची. मला त्या रडण्याचाही राग यायचा.

कोपऱ्यात बसून जपमाळ ओढायची सोडून अक्कानं मॅट्रिक केलं आणि टेलिफोन एक्स्चेंजात नोकरी धरली. घरादारानं नाकं मुरडली. विधवा बाई पुरुषांशी दिवसभर फोनवर बोलते म्हणजे काय! पण तिच्या पगाराचा मात्र कुणाला विटाळ झाला नाही. माझी शाळेची फी त्यातून जायची, आजीची औषधं त्यातून यायची, आणि दुकान मंदीत असलं की वडील तिच्या खोलीच्या दाराशी खाकरत उभे राहायचे.

तिचं काम ट्रंककॉल जोडायचं. तेव्हा परगावी फोन करायचा तर ऑपरेटरला सांगावं लागे, आणि बोलायला मिळायची तीन मिनिटं. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये तोंड घालणार: टाइम झाला, वाढवायचा का? अक्कानं हा कायदा घरी आणला. कुणी कसलंही गाऱ्हाणं घेऊन आलं की ती डावा हात वर करायची, मनगट वळवायची आणि म्हणायची, "बोल. तीन मिनिटं." मग ते नळावरचं भांडण असो की सुनेनं सासूला दिलेलं उत्तर. तीन मिनिटं ती कान देऊन ऐकायची, मध्ये एक शब्द नाही. तीन मिनिटं संपली की हात खाली. "झाली. आता उपाय विचारायचा असेल तर बस, नुसतं रडायचं असेल तर साकु, पुरे." लोक चिडायचे. पण पुन्हा यायचे, कारण अख्ख्या वठारात तीन मिनिटं सलग ऐकून घेणारं दुसरं होतं कोण?

आता ते मनगटावरचं घड्याळ. ते तिनं घेतलं त्या दिवशी मी बरोबर होते. मी हायस्कूलात होते तेव्हाची गोष्ट. दंडूत, म्हणजे कॅन्टोन्मेंटच्या बाजूला, एक भलंमोठं घड्याळाचं दुकान होतं. आत टाय बांधलेला सेल्समन. नऊवारी नेसलेली, पांढऱ्या कपाळाची बाई आत शिरलेली बघून त्याला वाटलं आम्ही पत्ता विचारायला आलोय. अक्का सरळ काउंटरवर गेली आणि इंग्रजीत म्हणाली, "मला हातातलं घड्याळ दाखवा. चांगल्यातलं चांगलं." त्यानं बायकांची घड्याळं काढली. एकेकाची तबकडी चिंचोक्याएवढी.

"यात मला वेळ दिसायची की नुसतं घड्याळ?" अक्का म्हणाली. "मोठं काढा. पुरुषांचं."

"मिस्टरांसाठी का मॅडम?"

"मिस्टर असते तर त्यांनी मला हा चिंचोकाच घेऊन दिला असता. पुरुषांचं काढा, मला हवंय."

मग तासभर तिनं त्या माणसाला घाम फोडला. एकेक घड्याळ कानाशी लावून ऐकलं. हात लांब करून आकडे वाचता येतात का बघितलं. सेकंदाचा काटा ठसठशीत हवा म्हणाली. वाफ चालते का? पाणी चालतं का? पीठ? शेवटी तिनं एका स्विस घड्याळावर बोट ठेवलं. सोन्याचं होतं. तबकडी दुधासारखी पांढरी, बाजूला बारीक खाचांची किल्ली. सेल्समननं मान हलवली. माणूस वाईट नव्हता, आपल्या परीनं भलंच सांगत होता. म्हणाला, "मॅडम, रोजच्या वापराला स्टीलचं न्या. सोन्याचं लोक कार्यासाठी घेतात. लग्न, मुंज, सण."

अक्का म्हणाली, "मला कार्याला कोण बोलावतं? माझे सगळे दिवस रोजचेच आहेत. मग रोजच्यालाच सोन्याचं नको?"

त्यानं बिल फाडलं. परत येताना टांग्यात ती सारखी मनगट बघत होती आणि मी तिच्याकडे बघत होते. तिला इतकं खूश मी आधी कधी बघितलं नव्हतं.

घरी काय तमाशा झाला, विचारू नका. आजीनं कपाळ बडवून घेतलं. विधवेच्या हातात सोनं! अक्का म्हणाली, "दागिना नाही, यंत्र आहे." बरं, यंत्र तर यंत्र. पण त्याला चामड्याचा पट्टा, आणि चामडं सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात चालायचं नाही. सोन्याची साखळी लावावी तर ती बांगडीच झाली. झालं! आजीला वाटलं जिंकली. अक्कानं दुकानातल्या इरकली साडीच्या काठाचा एक तुकडा आणला, दुपदरी दुमडला, मशीनवर बारीक टीप मारली आणि त्याचा पट्टा केला. धुता येतो, वाळवता येतो, सोवळ्यात चालतो. सोन्याच्या घड्याळाला लुगड्याच्या काठाचा पट्टा! सगळं वठार हसलं. अक्कानं तसे चारपाच शिवून ठेवले आणि रोज अंघोळीनंतर नवा लावायला लागली.

ती ते घड्याळ काढायची फक्त अंघोळीला आणि झोपताना. चटणी वाटताना हातात, दोशाचं पीठ कालवताना हातात, विहिरीवर हातात. किल्लीच्या खाचांत पीठ वाळून बसायचं, ते ती केसांच्या आकड्यानं कोरून काढायची. वर्षातून एकदा घड्याळजीकडे न्यायची. तो मागचं झाकण उघडायचा आणि ओरडायचा, "क्या अम्मा, इसमें हल्दी किधर से घुसी?" अक्का म्हणायची, "हळद माझ्या कपाळाला चालत नाही, म्हणून तिकडं गेली." सकाळी चहा झाला की ती किल्ली द्यायची, आणि किल्ली देऊन होईपर्यंत कुणाशी बोलायची नाही. कुणी म्हटलं की अक्का, अहो एवढी भारी वस्तू, जपा स्वल्प, तर तिचं उत्तर ठरलेलं: "वापरून झिजलं तर झिजू दे. ठेवून कुजण्यापेक्षा बरं."

या घड्याळानं एकदा भलताच घोटाळा केला. वठारात धारवाडकडचं एक नवं जोडपं राहायला आलं होतं. बायको विशीतली, साधी पोर. श्रावणातल्या शुक्रवारी तिनं हळदीकुंकू मांडलं. अक्का ड्यूटीवरून येत होती. पदर अंगभर घेतलेला, हातात छत्री, कपाळावरचा घाम पुसत चाललेली, आणि मनगटावर सोनं चमकतंय. त्या पोरीनं सोनं बघितलं आणि समजली सवाष्ण. "या की हो अक्का, अशा कशा जाता!" म्हणत हात धरून आत ओढलं, आणि अक्का तोंड उघडायच्या आत बोट भरून कुंकू लावलं.

मागाहून शेजारणीनं तिच्या कानात सांगितलं. पोर ढसाढसा रडायला लागली, आपल्या पहिल्या हळदीकुंकवाला अपशकुन झाला म्हणून. अक्का तशीच घरी आली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आजी मटकन खाली बसली. वडील ओरडले, "पूस ते आधी!"

अक्का ओसरीवर पाट घेऊन बसली. मी तिचा आवाज तसा कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता, पण भिंतीपलीकडे ऐकू जाईल असा होता. "मी लावलं नाही, तिनं लावलं. मी पुसणार नाही. ज्याच्या डोळ्यात खुपतं त्यानं यावं आणि आपल्या हातानं पुसावं. एकदा पुसलंय ना या घरानं? तेव्हा कुणाचा हात थरथरला नव्हता. या ना आता!"

पुसायला कुणी आलं नाही. आजी पदरात तोंड घालून बसली, वडील टोपी घालून दुकानात गेले. दुसऱ्या दिवशी अंघोळीत गेलं तेव्हा ते कुंकू गेलं. त्या धारवाडच्या पोरीकडे अक्का स्वतः गेली, तिला म्हणाली, "रडू नको गं, माझा कसला अपशकुन, मी रोज शेकडो माणसं जोडते." ती पोर पुढं अक्काची भक्तच झाली. पण शेजारपाजारच्या सभ्य बायका महिनाभर आमच्या दारावरून जाताना तोंड फिरवायच्या. सभ्य, डोंबल!

आता माझ्या लग्नाचं सांगते, आणि आजही रागानंच सांगते. मला बघायला आमचे हे आले होते तेव्हाच त्यांची नजर अक्काच्या मनगटावर गेली होती. घर यशवंतपूरला, सासऱ्यांची लाकडाची वखार, खाऊनपिऊन सुखी. अक्का चहा घेऊन आली तर हे म्हणाले, "असलं घड्याळ तुम्ही रोज घालता?" अक्का म्हणाली, "हो, माणसं पण मी रोज बघते, त्यासाठी सण धरून बसत नाही." सगळे हसले. यांनाही हसू आलं, पण डोळे घड्याळावरच.

लग्न छत्रात होतं, म्हणजे मंगल कार्यालयात. अक्का मागच्या अंगणात आचाऱ्यापाशी. पुढं यायची बंदी, विधवा ना! मुहूर्ताची वेळ आली आणि छत्राच्या भिंतीवरचं घड्याळ बंद. भटजींनी घाई केली. वडिलांचं खिशातलं घड्याळ गडबडीत घरीच राहिलेलं. ते धावत मागं गेले, "अक्का, किती वाजले?" तिनं मनगट बघून सांगितलं, आणि त्या वेळेवर माझ्या डोक्यावर अक्षता पडल्या. ऐकलंत? मुहूर्त तिच्या घड्याळावर लागला आणि मला आशीर्वाद द्यायला ती समोर नको. मी आंतरपाटाआडून मान वळवून बघितलं. मागच्या दाराच्या फटीत ती उभी होती, मूठभर अक्षता घेऊन.

मग जेवणं. आपल्यात जावयानं पंगतीत रुसायची रीत आहे. पानावर बसायचं, घास उचलायचा नाही, सासऱ्यानं मनधरणी करून काहीतरी द्यायचं, हशा होतो, जावई हसतो आणि जेवतो. वडिलांनी अंगठी खिशात तयार ठेवली होती. ती पुढं केली. हे मान हलवतात. जरीचं उपरणं पुढं केलं. मान हलवतात. यांचा मित्र म्हणाला, "जावईबापूंना अक्कांचं घड्याळ हवंय." पंगत खो खो हसली. आणि आमचे वडील, त्यांचं भलं होवो, काय म्हणाले? म्हणाले, "एवढंच ना!"

एवढंच ना. स्वतःच्या बहिणीच्या हातातलं, तिच्या कष्टाचं, तिच्या एकटीच्या आयुष्यातलं एकुलतं एक सोनं, आणि हे म्हणतात एवढंच. त्यांचं मागच्या अंगणातलं बोलणं मला पंगतीत ऐकू आलं. "अक्का, दे गं. या वयात तुला ते काय करायचंय? पोरीचा प्रश्न आहे."

अक्का आली. पदर खोचलेला, हाताला बेसन लागलेलं. सरळ पंगतीत शिरली आणि यांच्या पानासमोर उभी राहिली.

"रुसलास?" तिनं विचारलं.

यांनी लाजल्यासारखं करून मान डोलावली. अजून त्यांना ती गंमतच वाटत होती.

अक्कानं मनगट वळवलं. "सरी, बरं. रूस. तीन मिनिटं."

आणि ती घड्याळाकडे बघत उभी राहिली. पाचपन्नास माणसं पानांवर बसलेली, नजरा तिच्या मनगटावर. वाढपी पायसाचं भांडं घेऊन जागच्या जागी. यांचं हसू आधी एका बाजूनं गेलं, मग दुसऱ्या बाजूनं. एकदा हात पानाकडे गेलासुद्धा! पण मित्रानं ढोसलं, आणि हात मागं आला. मला अजून वाटतं, तो मित्र त्या दिवशी तापानं घरी पडला असता तर बरं झालं असतं.

"झाली," अक्का म्हणाली. "वाढवायचा का टाइम?"

तेवढ्यात माझ्या सासूबाई उठल्या. "हा काय अभद्रपणा! विधवा बाई नव्या जोडप्याच्या पानासमोर उभी राहते! उठा हो, आम्हाला नाही जेवायचं!" सासऱ्यांनी पान पुढं सारलं. वरपक्षाची सगळी रांग उठायला लागली. लग्नाची पंगत भरल्या पानावरून उठली तर त्या मुलीचं पुढं काय होतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. माझी आई सरळ अक्काच्या पायांवर पडली.

मी उठायला गेले. मला ओरडून सांगायचं होतं की नको मला हे लग्न, न्या तुमचा रुसवा यशवंतपूरला. पण माझ्या शेल्याची यांच्या उपरण्याला गाठ मारलेली. अर्धी उठले आणि ओढली जाऊन पुन्हा पाटावर आपटले. मावशीनं मागून खांदे दाबून धरले. अक्कानं माझ्याकडे बघितलं, मग त्या गाठीकडे बघितलं.

तिनं पट्टा सोडला. घड्याळ पदराला पुसलं, त्यावरचं बेसन काढलं, आणि यांच्या पानावर मिठाशेजारी ठेवलं. "रोज सकाळी किल्ली द्यायची," म्हणाली. "रोज घालायचं. नाही घातलं तर बंद पडतं ते." आणि मागच्या दारानं अंगणात गेली.

सगळे जेवले. मला तर त्यांचं ते जेवणं अजून दिसतं. पायस ओरपून ओरपून जेवले मेले. मी घास उचलला नाही, तर सगळ्यांना वाटलं नवरी लाजते.

आणि पुढं? यांनी ते घड्याळ रोज घातलं असतं ना, तर मी कदाचित एक दिवस माफही केलं असतं. पण घरी गेल्या गेल्या सासूबाईंनी लुगड्याचा पट्टा उसवून केरात टाकला, सोन्याची साखळी करून घेतली, आणि घड्याळ लोखंडी कपाटात. "भारी वस्तू आहे, रोज वापरायची नाही." किल्ली कोण देणार? दुसऱ्याच दिवशी ते बंद पडलं. हे कुणाच्या लग्नाला निघाले की ते काढायचे, हातात घालायचे, आणि बंद घड्याळ मिरवून यायचे. वेळ विचारली कुणी की दुसऱ्याच्या हातावर बघायचे. अशा माणसाबरोबर मी जन्म काढला. पुढं ते सुधारले, नाही असं नाही, पण आज त्याचं कौतुक सांगायला मी बसलेली नाही.

माहेरी गेले की मला अक्काचं मनगट दिसायचं. पट्ट्याच्या जागी गोरी पट्टी, बाकी हात सावळा. कुणी गाऱ्हाणं घेऊन आलं की तिचा डावा हात सवयीनं वर जायचा, अर्ध्यातून खाली यायचा. मग माणसं तासन्‌तास तिच्यापुढं रडगाणी गात बसायची आणि ती त्यांना थांबवायची नाही. आई म्हणायची, अक्का आता किती शांत झाली. शांत! माणूस विझायला लागलं की आमच्यात त्याला शांत झालं म्हणतात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा. वखारीत करवती, कुऱ्हाडी, तराजू, लॉरी, सगळं धुऊन पुसून मांडलेलं. लॉरीला केळीचे खुंट, दारात कोहळा फोडायला ठेवलेला. मी फुलं घेऊन आले तर मध्यभागी चौरंगावर लाल कापड, आणि त्यावर अक्काचं घड्याळ. सासूबाईंनी बोटानं हळद लावली, मग कुंकू लावलं, काचेवर ठसठशीत, आणि हात जोडले. "लक्ष्मी आहे," म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांपुढं लाल झालं. ज्या हातातून ते घड्याळ काढून घेतलं, त्या बाईच्या कपाळाला कुंकू चालत नाही, आणि घड्याळाला चालतं! बाई अपशकुनी, तिचं सोनं लक्ष्मी! मी फुलं खाली टाकली आणि घड्याळ उचललं.

"अगं, अगं! पूजेतलं हत्यार आज उचलत नाहीत!"

"हत्यार नाही हे, घड्याळ आहे," मी म्हटलं. "आणि बंद आहे."

गडी, हमाल, सासरे, सगळे बघत होते. मी पायात चपला सरकवल्या आणि बसस्टँडवर आले. बसलाही झेंडूच्या माळा, ड्रायव्हरच्या काचेला कुंकू. सगळ्या बेंगळुरात त्या दिवशी लोखंडालासुद्धा कुंकू होतं.

अक्का ड्यूटीवरून येऊन ताकभात जेवत होती. पूजेसाठी दुकान बंद, म्हणून वडीलही घरी. मी घड्याळ तिच्यापुढं धरलं.

"चोरून आणलंस?" तिनं विचारलं.

"नाही. सगळ्यांसमोर आणलंय."

तिनं हात धुतला. उठून पेटी उघडली आणि इरकली काठाचा एक कोरा पट्टा काढला. टीप नवीन होती. मी म्हटलं, "अक्का, हा कधी शिवलास?" तर म्हणाली, "हात रिकामा होता, काहीतरी करायला हवं होतं." मला रडू फुटलं, आणि त्या रडण्याचाही मला राग आला. मी ती सोन्याची साखळी उपटून काढली, पट्टा ओवला, आणि कासार बांगड्या भरताना हात धरतो तसा तिचा हात माझ्या गुडघ्यावर घेतला. गोऱ्या पट्टीवर घड्याळ बांधलं.

वडील पुढं झाले. "अगं, ते पूजेतलं कुंकू आहे काचेवर. तिच्या हाताला... पुसून तरी दे."

मी अक्काकडे बघितलं नाही, वडिलांकडेच बघितलं. "ज्याच्या डोळ्यात खुपतं त्यानं यावं," म्हटलं, "आणि आपल्या हातानं पुसावं."

ते होते तिथंच थांबले. अक्कानं किल्ली दिली, हळूहळू, एकेक वळसा. कानाशी लावून ऐकलं. मग भावाला विचारलं, "किती वाजले रे?" वडिलांनी खिशातलं घड्याळ काढून वेळ सांगितली. अक्कानं काटे लावून घेतले. निवृत्त होईपर्यंत आणि त्यानंतरही ते तिच्या मनगटावरून हललं नाही.

साखळी मात्र मी परत नेली. ती त्यांची होती. संध्याकाळी यशवंतपूरला पोचले तर हे दारातच उभे. मागं सासूबाई. साखळी मी यांच्या हातावर ठेवली.

"घड्याळ कुठाय?"

"रुसलंय," मी म्हटलं. "माहेरी गेलंय."

यांचा चेहरा लालबुंद झाला. बोलायला तोंड उघडलं. मी पदर खोचला, समोरचा पाट ओढून त्यावर बसले, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"बोला," म्हटलं. "तीन मिनिटं."